पंचिंग मशीन बरं आहे, जेवणाच्या सुट्टीचं सेटिंग तेवढं आधी बदला

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, हजेरीचं मशीन मागितलं की समोरून तीनच प्रश्न येतात: माणसं किती, बोट की चेहरा, वायफाय हवंय का. जेवणाची सुट्टी कधी, सगळ्यांना एकदम की पाळीपाळीने, हे कोणी विचारत नाही. मशीन भिंतीवर लागतं, बसवायला आलेला मुलगा वीस मिनिटांत एक शिफ्ट भरून निघून जातो. पंचवीस माणसांची रोजची जेवणाची सुट्टी आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कशी मोजायची, हे त्या वीस मिनिटांत ठरून गेलेलं असतं. मालकाला त्याचा पत्ता नसतो आणि कामगाराला तर पगाराच्या दिवशीच कळतं.

हे परीक्षण बोट आणि चेहरा दोन्ही ओळखणाऱ्या, सोबत पगाराचं सॉफ्टवेअर येणाऱ्या साध्या मशीनचं आहे. साधारण पाच ते पंधरा हजारांत मिळतं ते. डब्यावर नाव कोणाचंही असो, आतला मेनू जवळपास एकाच साच्यातला असतो, त्यामुळे कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. मशीनला पाचपैकी चार, सॉफ्टवेअरला अडीच आणि बसवून देण्याच्या सेवेला दोन.

मशीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वयंपाकघरात ओली, तेलकट, हळदीची बोटं वाचत नाहीत. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. म्हणून प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून चार बोटं नोंदवा आणि चेहराही नोंदवा. चेहऱ्याचं मशीन शटरकडे तोंड करून लावू नका. माणसाच्या पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळा दिसतो आणि रांग अडते. घड्याळ दर सोमवारी मोबाइलशी ताडून बघा. मशीन चार मिनिटं पुढे असेल तर सकाळी वेळेवर आलेल्यालाही लेट मार्क बसतो. संध्याकाळी ती चार मिनिटं त्याच्या तासांत परत मिळतात, पण लेट मार्क पुसला जात नाही. बाकी मशीन आपलं काम चोख करतं. माणूस कधी आला, कधी गेला, हे ते खरंच सांगतं.

घोळ पुढे आहे. सॉफ्टवेअरच्या शिफ्ट मास्टरमध्ये, म्हणजे कामाच्या वेळा भरायच्या पानावर, ‘ब्रेक’ नावाचा एक रकाना असतो. त्यात सुट्टी सुरू, सुट्टी संपली, आणि शेजारी एक छोटी चौकट: ब्रेक आपोआप वजा करा. ही चौकट बहुतेक वेळा टिक केलेलीच येते. तिच्या खाली तास मोजायच्या दोन पद्धती असतात. एक, पहिला पंच (मशीनवर बोट किंवा चेहरा दाखवून झालेली नोंद) ते शेवटचा पंच. दुसरी, सगळे पंच आत-बाहेर अशा जोडीजोडीने. बसवणारा मुलगा पहिली निवडतो, कारण तिच्यात तक्रारी कमी येतात. दुपारी कोणी थंब मारायला विसरला तरी मशीन कुरकुर करत नाही.

आता लक्ष्मी रस्त्यावरचं पंचवीस माणसांचं कपड्यांचं दुकान डोळ्यासमोर आणा. वेळ १० ते ७, एक तास जेवण. एका विक्रेत्याचे एका दिवसाचे पंच असे: १०:०२, १४:१०, १४:३८, १९:०५. लग्नसराई, गिऱ्हाईक दारात, म्हणून तो डबा उरकून अठ्ठाविसाव्या मिनिटाला काउंटरवर परत आलेला. पहिला ते शेवटचा पंच ९ तास ३ मिनिटं होतात. सॉफ्टवेअर त्यातून ठरलेला एक तास कापून ८ तास ३ मिनिटं धरतं, आणि राउंड ऑफ चालू असेल तर सरळ ८ तास. प्रत्यक्षात काम झालं ८ तास ३५ मिनिटं.

आठवडाभर असंच चाललं तर सहा दिवसांचे ५१ तास ३० मिनिटं. आठवड्याची मर्यादा ४८. वरचे साडेतीन तास ओटी, आणि ओटीचा दर दुप्पट. पगार १८,२०० असेल, त्यात घरभाडं वगैरे वेगळं काही नसेल, तर २६ दिवसांनी भागून दिवसाचे ७००, तासाचे ८७.५०, ओटीच्या तासाचे १७५. म्हणजे आठवड्याचे ६१२.५० रुपये, चार आठवड्यांचे २,४५०. सॉफ्टवेअरच्या हिशेबात ही रक्कम शून्य. एका टिकमार्कने एका माणसाचे महिन्याला अडीच हजार गेले, आणि यात कोणी मुद्दाम काही केलंय असंही नाही.

बरेच जण इथे म्हणतात, रोज नऊ तासांच्या आतच आहे, मग ओटी कसला? सॉफ्टवेअरही तसंच समजतं, कारण त्याच्या ओटीच्या नियमात फक्त रोजचा आकडा भरलेला असतो. आठवड्याचा रकाना वेगळ्या पानावर असतो आणि तो रिकामा असतो. तिथे ४८ भरा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात मुळात रोजचे ९ आणि आठवड्याचे ४८, अशा दोन्ही मर्यादा होत्या (रोजच्या आकड्यातला बदल खाली येतो) आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या.

पैशांपेक्षा मोठी गोम दुसरीच आहे. त्याच कायद्यात मुळात सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं तर मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची अट होती. वरच्या विक्रेत्याला २८ मिनिटं मिळाली. दोन मिनिटं कमी, म्हणजे ती सुट्टी कायद्याच्या हिशेबात सुट्टी ठरत नाही आणि १०:०२ पासून १९:०५ पर्यंत सलग काम झालं असा अर्थ निघतो. सॉफ्टवेअरच्या मस्टरमध्ये मात्र रोज ‘ब्रेक १:००’ असं सुबक छापून येतं. मशीनमधली मूळ नोंद एक सांगते, छापील मस्टर दुसरं. तपासणीत ही दोन कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली तर मालकाला काय उत्तर देणार? चौकट टिक करून ठेवण्यात मालकाचाही फायदा नाही, तो असा.

पाच तासांचा हा आकडाही आता हलता आहे. राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ ला मान्य केलेल्या बदलांत दुकानांसाठी रोजचे तास ९ वरून १०, सुट्टीआधीचं सलग काम ५ वरून ६ तास, तीन महिन्यांतल्या ओटीची मर्यादा १२५ वरून १४४ तास, आणि कायदा लागू व्हायची अट १० वरून २० कामगार अशी दुरुस्ती होती. आठवड्याचे ४८ तसेच राहिले. वरचा विक्रेता सहा तासांच्या नियमातही बसत नाही, पण खरेदीच्या दृष्टीने मुद्दा असा की हे आकडे तुम्हाला स्वतः बदलता आले पाहिजेत. काही सॉफ्टवेअरमध्ये ते आत कोंबलेले असतात आणि बदलायला दर वेळी सर्व्हिस चार्ज भरून माणूस बोलवावा लागतो. असलं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी महाग.

कारखान्यांचं गणित याच वळणाचं. कारखाने कायदा, १९४८ मध्येही अर्ध्या तासाची सुट्टी, आठवड्याला ४८ तास आणि दुप्पट ओटी होतीच. चाकण-भोसरीत फरक पडतो तो गर्दीचा. साठ माणसं, एक मशीन, माणशी चार सेकंद धरले तरी रांग चार मिनिटांची. जाताना चार, येताना चार. अर्ध्या तासाच्या सुट्टीत शेवटच्या माणसाच्या वाट्याला बावीस मिनिटं येतात, त्यातून कॅन्टीनपर्यंतची चाल वजा करा. एकतर दुसरं मशीन लावा, नाहीतर दोन पाळ्यांत जेवण सोडा. सुट्टी ४० मिनिटांची ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण तो का कोण जाणे कोणाला पटत नाही.

सुट्टी पगारी की बिनपगारी, हा वाद काउंटरवर कायम चालतो. कायदा सुट्टी द्यायला सांगतो. त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे द्या असं म्हणत नाही. खरी, मोकळी सुट्टी असेल तर ती कामाच्या तासांत धरत नाहीत. पण मोकळी म्हणजे मोकळी. औषधाच्या दुकानात एकटा फार्मासिस्ट काउंटरमागे स्टुलावर बसून पोळी-भाजी खातोय आणि मध्येच उठून क्रोसिन देतोय, तर ते काम आहे. पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, फोन घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर हेच. मशीनला हे कळायचं कारण नाही. अशा जागांसाठी शिफ्ट मास्टरमध्ये वेगळी शिफ्ट तयार करा, तिच्यात ब्रेक वजा करणं बंद ठेवा, आणि बदली माणूस देता येत असेल तरच चालू करा. एकच शिफ्ट सगळ्या दुकानाला लावणं ही बसवणाऱ्या मुलाची सोय आहे.

आता खास पुणेरी अडचण. दुकान साडेनऊ ते एक, मग चार ते साडेआठ. दुपारी वामकुक्षी, तीन तासांची भरपूर सुट्टी, काम मोजून आठ तास. सॉफ्टवेअर हिरवा रंग दाखवतं. पण २०१७ च्या मूळ कायद्यात कामाचा एकूण पसारा, म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सुट्टी धरून, साडेदहा तासांत बसवायचा होता. बारा तासांची सूट होती ती तुटक किंवा तातडीच्या कामासाठी. साडेनऊ ते साडेआठ अकरा तास होतात. दुपारचा आराम कितीही लांबला तरी हा आकडा कमी होत नाही. कामगार कोथरूडहून येत असेल तर त्याला दुपारी घरी जाऊन यायलाही परवडत नाही, तो दुकानाच्या ओट्यावरच बसतो. पसाऱ्याचा रकाना फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. नसेल तर दोन गट करा: एक लवकर येऊन लवकर जाणारा, दुसरा तासभर उशिरा.

आपोआप कपात बंद करून ‘सगळे पंच’ पद्धत निवडली की दुसरा उंदीर बाहेर येतो. त्याचं नाव डुप्लिकेट पंच इंटरव्हल. एकाच माणसाने चुकून दोनदा बोट ठेवलं तर दुसरी नोंद धरू नये म्हणून ही सोय. ती एक-दोन मिनिटांची हवी. कुठे कुठे ती ३० वर ठेवलेली सापडते. मग आपला विक्रेता १४:१० ला गेला, १४:३८ ला परत आला, तर परतीचा पंच मशीन गिळून टाकतं. उरले तीन पंच: १०:०२, १४:१०, १९:०५. जोडी फक्त पहिल्या दोनांची लागते, ४ तास ८ मिनिटं, आणि हाफ डे. बिचाऱ्याने दिवसभर उभं राहून काम केलंय. हा अनुभव एकदा आला की दुकानदार वैतागून परत पहिल्या पद्धतीवर जातात आणि दोष ‘सगळे पंच’ला देतात.

मशीनवर पंचाचा प्रकार दाबायची बटणंही असतात. मूळ नोंदीच्या फाइलमध्ये, जिला बसवणारे अटलॉग म्हणतात, प्रत्येक ओळीत कामगाराचा क्रमांक, तारीख-वेळ आणि एक आकडा दिसतो: ० म्हणजे आत, १ बाहेर, २ सुट्टीला बाहेर, ३ सुट्टीहून आत, ४ ओटी सुरू, ५ ओटी संपला. बहुतेक ठिकाणी ही बटणं बंद ठेवतात, मग सगळ्या ओळींवर शून्यच येतो आणि सॉफ्टवेअर क्रमावरून अंदाज बांधतं. सुट्टीचा वाद टाळायचा असेल तर २ आणि ३ चालू करा. माणसांना सवय लागायला आठवडा जातो, तेवढा आठवडा कटकट सहन करायची.

लेट मार्कचं पान तर मुळातूनच चुकीचं. ‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस’ हा नियम तयारच भरलेला येतो, आणि पुण्यात तो इतका रुळलाय की लोकांना तो कायदाच वाटतो. वेतन प्रदान कायदा, १९३६ मध्ये आणि आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर म्हणजे अर्धा तास. वरच्या पगारात ४३ रुपये ७५ पैसे. सॉफ्टवेअर कापतं ३५०. वरचे ३०६ रुपये २५ पैसे कशाचे? दंड म्हणायचा तर त्याला वेगळे नियम आहेत: कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं, आणि महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. हा नियम पुसून मिनिटांवर कपात लावा. उशिराचा बंदोबस्त करायला इतर मार्ग आहेत, रजा मंजुरीपासून समज देण्यापर्यंत.

पगाराच्या भागात ओटीचा पाया तपासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्या व्याख्येत घरभाडं, प्रवास असे बाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. १८,२०० मध्ये बेसिक ६,००० आणि भत्ते १२,२०० असं ज्यांनी बसवलंय, त्यांचं सॉफ्टवेअर ओटी बेसिकवर काढून तासाला ५७ रुपये ६९ पैसे देतं. निम्म्याचा नियम लावला की पाया ९,१०० होतो आणि ओटीचा तास ८७.५०. मास्टरमध्ये ‘ओटी कशावर’ हा पर्याय असतो, तो बेसिकवरून हलवा. ‘किमान ओटी ६० मिनिटं’ ही अटही काढा, नाहीतर रोजची पंचेचाळीस मिनिटं वर्षभर वाऱ्यावर जातात.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, हे सगळ्यांना पाठ आहे. नोकरी सोडलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हे कमी लोकांना माहीत असतं, आणि स्वस्त सॉफ्टवेअरला ते जमतही नाही. ते महिनाअखेरीलाच पगार काढू शकतं. विकत घेताना ‘मधल्या तारखेला एकाच माणसाचा हिशेब काढून दाखवा’ असं सांगा. छोट्या दुकानाला तासांचा कायदा लागू नसला तरी वेतन संहिता एका नोकराच्या दुकानालाही लागू आहे, त्यामुळे हे आणि पगाराची स्लिप दोन्ही टळत नाहीत. स्लिपवर कामाचे तास, ओटीचे तास आणि प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत यायला हवी. ‘इतर कपात’ अशी एक गठ्ठा ओळ देणारा नमुना बदलून घ्या.

मिस पंच, म्हणजे मारायचा राहिलेला पंच, दुरुस्त करायची सोय सगळ्यात असते. बघायचं ते एवढंच, की दुरुस्त केलेल्या नोंदीवर खूण राहते का, कोणी आणि कधी बदललं ते दिसतं का, आणि मूळ वेळ शिल्लक राहते का. मूळ वेळेवरच नवीन वेळ लिहिणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. कमी वेतनाचा दावा संहितेनुसार तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. म्हणून मूळ फाइल तीन वर्षं तरी जपायची. एक लाख नोंदी मावणारं मशीन पंचवीस माणसांच्या रोजच्या चार पंचांना अडतीस महिने पुरतं. साठ माणसांना सोळाच. भरलं की जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात, तेव्हा दर महिन्याला पेन ड्राइव्हवर फाइल उतरवून घ्या. कामगारांनीही स्लिपसोबत महिन्याच्या पंचांची प्रत मागावी. शिवाजीनगरच्या कामगार कार्यालयात तक्रार घेऊन जायची वेळ आलीच, तर ‘सुट्टी मिळत नव्हती’ या वाक्याला त्या तारीखवार वेळांनी वजन येतं.

घ्यायचं की नाही? घ्या. वहीतल्या सह्यांपेक्षा शंभर पटींनी बरं. फक्त पैसे मोजायच्या आधी दुकानातच एक चाचणी करा. खोटा कामगार नोंदवा, मशीनची वेळ मागेपुढे करून वरचे चार पंच मारा, १०:०२, १४:१०, १४:३८, १९:०५, आणि त्या दिवसाचे तास किती येतात ते रिपोर्टमध्ये बघा. ८:३५ आले आणि अठ्ठावीस मिनिटांच्या सुट्टीसमोर लाल खूण दिसली, तर बिल करा. ८:०३ आले तर त्याच खुर्चीवर बसून ब्रेकची चौकट काढून घ्या आणि परत चार पंच मारायला लावा.